पश्चात असा परिवार

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींचे निधनवृत्त येते. ‘सेवानिवृत्त शिक्षक अमुक यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ शेजारी जुने, ओळखपत्रावरचे छायाचित्र. रविवारच्या चहाबरोबर आपण ते वाचतो आणि पान उलटतो. अशा माणसाने चाळीस वर्षे नेमके काय केले, हे त्या चार ओळींत मावत नाही. शाळांची नावे, बदल्यांची गावे, निवृत्तीचा दिनांक सेवापुस्तकात सापडतो. मात्र एखादे मूल वर्ग सुटल्यावर दाराशी घुटमळले, त्याला त्यांनी बसवून घेतले आणि त्याचे शेवटपर्यंत ऐकले, याची नोंद कोणत्याच रकान्यात नसते.

अशा माणसाला आज ‘समुपदेशक’ म्हणतात. शब्द तसा अलीकडचा, आणि थोडा फसवाही. त्यात ‘उपदेश’ दडलेला आहे. काम मात्र नेमके उलटे. उपदेश करणाऱ्यांची आपल्याकडे कधी वाण नव्हती. घरी वडीलधारे, शाळेत मुख्याध्यापक, गावात पुढारी, सगळे बोलायला तयार. मुलाला हवा असतो तो ऐकणारा. आपल्या शाळांत हे पद नव्हते तेव्हाही हे काम कुणीतरी करत होते. कुठे वर्गशिक्षक, कुठे वसतिगृहाचे अधीक्षक, तर कुठे नुसतेच ‘गुरुजी’.

नंदुरबार जिल्ह्यात या कामाची खरी किंमत कळते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार, शंभरातले सुमारे ६९ लोक आदिवासी आणि साक्षरता जेमतेम ६४ टक्के. अक्राणीतल्या एखाद्या पाड्यावरचे मूल आश्रमशाळेत येते तेव्हा त्याच्या तोंडी पावरी असते किंवा भिली. पुस्तक असते मराठीत. आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गुजरातेत गेलेले. रात्री दिवे मालवल्यावर त्या सहा-सात वर्षांच्या जिवाला घर आठवते. ते सांगायचे कुणाला, आणि कोणत्या भाषेत? मोठ्या मुलींचे प्रश्न आणखी वेगळे. सुटीत घरी गेलेली नववीतली मुलगी परतली नाही, तर ती उसाच्या फडावर आहे की तिचे लग्न ठरले आहे, हे कुणीतरी पाड्यावर जाऊन विचारावे लागते. पत्र पाठवून ते काम होत नाही. ओट्यावर बसावे लागते, दिलेले पाणी प्यावे लागते, बापाची अडचण ऐकून घ्यावी लागते. मग विषय काढता येतो.

अशा कामाचे यश दिसत नाही, कारण ते न घडलेल्या गोष्टींत असते. शाळा न सोडलेला मुलगा, अठराच्या आत लग्न न झालेली मुलगी, रात्री विहिरीकडे निघालेले आणि बोलून हलके होऊन परत फिरलेले एखादे पाऊल. बोर्डात पहिल्या आलेल्या मुलाचा फोटो छापता येतो. न घडलेल्या अनर्थाचा कसा छापणार? म्हणूनच शोकसभेत वक्ते ‘मनमिळाऊ’, ‘शिस्तप्रिय’, ‘विद्यार्थिप्रिय’ या तीन विशेषणांवर थांबतात. त्यांचेही चुकत नाही. जे खरे सांगण्यासारखे असते, ते बहुधा कुणा मुलाचे गुपित असते आणि गुरुजी ते सोबत घेऊन गेलेले असतात.

खानदेशाला ही परंपरा नवी नाही. नंदुरबारवरून जाणाऱ्या सुरत-भुसावळ लोहमार्गावरच अमळनेर आहे. तिथल्या हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० अशी अवघी सहा वर्षे शिक्षक होते. त्यातला मोठा काळ त्यांनी छात्रालय सांभाळले. मुलांच्या खोल्या झाडल्या, त्यांचे कपडे धुतले, आजाऱ्याच्या उशाशी रात्री काढल्या. समुपदेशनाची पदविका तेव्हा आपल्याकडे नव्हती. पण ज्याने आपला सदरा धुतला त्याच्याजवळ मन उघडे करायला मूल घाबरत नाही, हे मर्म त्यांना कळले होते.

साने गुरुजी अविवाहित होते. आपले चार ओळींतले गुरुजी संसारी. त्यांच्या कामाचा दुसरा अर्धा भाग घरात घडतो, आणि तो तर शोकसभेतही कुणाला आठवत नाही. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. मुलांच्या जेवणाची अडचण आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. इतका मोठा त्याग प्रत्येक घरात नसेल, पण त्याच जातीचा असतो. अवेळी आलेल्या विद्यार्थ्यासाठी पुन्हा पिठात हात घालणारी बाई, वडिलांची वाट पाहत झोपी गेलेली मुले, दुसऱ्याच्या मुलाच्या परीक्षा-फीत गेलेले दिवाळीचे नवे कपडे. या मुलांच्या मनात कधीकधी एक सल राहतो : बाबांनी सगळ्यांचे ऐकले, आमचे तेवढे राहून गेले. हा सल खोटा नाही. त्याला हसू नये, की थोरवीच्या शालीखाली झाकूही नये. ज्यांनी आपले वडील दहा जणांत वाटून घेतले, त्यांचेही आभार मानायचे राहून गेलेले असतात.

इथे एक धोका मात्र ओळखला पाहिजे. अशा गुरुजींच्या चांगुलपणाचे गोडवे गाताना व्यवस्थेची जबाबदारी अलगद सुटते. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने मार्गदर्शन हा शिक्षणाचाच भाग मानावा आणि ते प्राथमिक शाळेपासून सुरू व्हावे, असे सांगितले होते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत किमान एक तरी प्रशिक्षित समुपदेशक हवा. मधे साठ वर्षे गेली. ती कुणी निभावून नेली? बरीचशी याच बिनपदाच्या माणसांनी. पण ज्या शाळेत असा माणूस नसतो, तिथल्या मुलाने काय करावे? मुलाचे ऐकले जाणे हे त्याच्या नशिबावर सोडता येणार नाही. पद हवे, प्रशिक्षण हवे, आणि सातपुड्यातल्या शाळेसाठी पावरी वा भिली समजणारा माणूस हवा. नाहीतर नेमणूक होईल, फलक लागेल, आणि मूल दाराशी घुटमळून परत जाईल.

आणि आपण? एवढे तर करू शकतो. कुणा गुरुजींचे निधनवृत्त वाचले, तर पान उलटण्याआधी आपल्या शाळेतला तो एक माणूस आठवावा. ते हयात असतील तर त्यांच्या घरी जावे. ‘गुरुजी, त्या वर्षी तुम्ही माझे ऐकले नसते तर...’ एवढे वाक्य त्यांच्या बायकोमुलांसमोर बोलावे. घरातल्यांनाही कळू दे, की त्यांच्या वाट्याचा वेळ कुठे खर्च झाला आणि तो वाया गेला नाही. निधनवृत्तातला ‘परिवार’ हा शब्द त्याने थोडा मोठा होईल. छापणाऱ्याला तेवढी जागा नसते, आपल्याला असावी.