‘पुढचा सचिन’ नावाचे कर्ज

२०१३च्या हॅरिस शील्डमध्ये चौदा वर्षांच्या पृथ्वी शॉने ५४६ धावा केल्या आणि आपण त्याच्या नावावर ‘पुढचा सचिन’ हे कर्ज चढवले. ऑक्टोबर २०१८मध्ये राजकोटला कसोटी पदार्पणात त्याने १३४ धावा काढल्या. आपण तो पहिला हप्ता मानला. पुढच्याच महिन्यात सिडनीच्या सराव सामन्यात सीमारेषेवर झेल घेताना त्याचा घोटा दुखावला. आमच्या स्टाफरूममध्ये तेव्हा एकच चिंता होती: आता सलामीला कोण? पोराला किती लागले, हे कोणी विचारले नाही. दुखापत म्हणजे जणू रसिकाशी केलेला करारभंग! डिसेंबर २०२०मध्ये अ‍ॅडलेडला ० आणि ४, आणि तो संघाबाहेर. त्याच्या तंदुरुस्तीवरील टीका निराधार नाही, हे मान्य. पण कर्जाची ती वही त्याने उघडली नव्हती.

लातूर पॅटर्नच्या गावात राहणाऱ्यांनी तरी हे ओळखावे. दहावीला चौकात ज्याचा फलक लागतो, तो बारावीत आजारी पडला की फलक लावणारेच ‘हवा गेली’ म्हणतात. आणि आपण समीक्षक? पहिल्याच संग्रहावर ‘नवा मर्ढेकर’ अशी मोहोर उठवतो. दुसरा लांबला, तर कवी बरा आहे ना, एवढेही विचारत नाही.