भीतीवरही उपचार हवा

पाबळसारख्या गावातील गर्भवतीला अडलेल्या वेळी शिरूरकडे वा पुण्याकडे न्यावे लागते, तेव्हा ‘सिझर करावे लागेल’ हे शब्द तिच्या कानावर बहुधा प्रथमच पडतात. संमतिपत्रावर सही झाली, की तिची तयारी झाली असे मानले जाते. ही समजूत चुकीची आहे.

भीती म्हणजे केवळ मनाचा दुबळेपणा नव्हे. भयाने नाडी व रक्तदाब चढतात, स्नायू आखडतात, वेदनेची जाणीव तीव्र होते. शस्त्रक्रियेपूर्वी अतिशय धास्तावलेल्या स्त्रियांना नंतर अधिक वेदना होतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. कण्यातून दिलेल्या भुलीत स्त्री जागी असते. वेदना थांबली तरी ओढ आणि दाब जाणवतात. हे आधी सांगितलेले नसेल, तर ती ओढच तिला यातना वाटू लागते. पुढे टाके दुखत असताना बाळाला पाजणेही जड जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात शस्त्रक्रियेने होणाऱ्या जन्मांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २५.४ टक्के झाले. प्रश्न मूठभर स्त्रियांचा उरलेला नाही.

डॉक्टरांना सवड नसते, हे खरे. परंतु सातव्या-आठव्या महिन्यातील तपासणीत परिचारिका किंवा आशा सेविका ही माहिती सहज देऊ शकेल. केंद्राच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने प्रसूतिकक्षात सोबतीण मान्य केली आहे. शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत तरी तिला येऊ द्यावे. धीराचे चार शब्द भुलीची जागा घेणार नाहीत. पण त्यांवाचून उपचार अपुराच राहतो.