ऑक्टोबरचा गठ्ठा

ऑक्टोबर लागला की माझ्या टेबलावर कोपर ठेवायला जागा उरत नाही. एकीकडे नववीच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका. दुसरीकडे दिवाळी अंकाला कबूल केलेली, दीड पानावर अडलेली कथा. समोर खिळ्याला रोझरी. हा आम्हा कॅथलिकांचा माळेचा महिना. वसईतल्या आमच्या वाडीत रोज संध्याकाळी साडेसातला माणसं क्रूसापाशी जमतात, आणि मास्तर आले नाहीत हे सगळ्यांच्या आधी मास्तरांच्या विद्यार्थ्यांना कळतं.

‘तिन्ही कसं जमवता?’ असं लोक विचारतात. जमत नाही. गेल्या वर्षी कथा राहिली, त्याआधीच्या वर्षी निकालपत्रकं उशिरा गेली. लोकांना वाटतं, प्रार्थनेपायी लेखन मागे पडत असणार. तसं नाही. पन्नास वेळा ‘नमो मारिया’ मोठ्यानं म्हणताना वाक्यानं श्वास कुठे घ्यायचा ते मला कळलं, बी.एड.ला हे कुणी शिकवलं नव्हतं. लक्ष मात्र भरकटतं. तिसऱ्या रहस्याला पोचेपर्यंत कथेतली विधवा डोक्यात येऊन बसते. एकदा पापनिवेदनात हे फादरांना सांगितलं. ते म्हणाले, ‘मग त्या बाईसाठी दहा मणी जास्त म्हण.’

अशा वेळी मला जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स आठवतो. १८६८ साली जेझुइट व्हायचं ठरवून त्यानं आपल्या कविता जाळल्या आणि सात वर्षं जवळपास काही लिहिलं नाही. १८७५ च्या डिसेंबरात ‘डॉइचलँड’ जहाज बुडालं, त्यात पाच जोगिणी गेल्या. यावर कुणीतरी लिहायला हवं, असं त्याचे वरिष्ठ बोलून गेले. त्याला तेवढं पुरलं. म्हणजे कविता थांबली ती व्रतापायी, आणि सुटली तीही मठातल्याच एका शब्दानं. पुढे १८८४ साली तो डब्लिनला ग्रीकचा प्राध्यापक झाला, आणि परीक्षांच्या शेकडो उत्तरपत्रिकांनी त्याला पिळून काढलं. पाच वर्षांनी, चव्वेचाळीसाव्या वर्षी तो गेला. त्याचा कवितासंग्रह निघाला १९१८ साली. डब्लिनमधली त्याची पत्रं वाचताना मला देवापेक्षा परीक्षा मंडळाचाच राग येतो.

आपल्याकडचं उदाहरण अगदी उलट आहे. मूळ इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी त्यांनीच सांगितलंय की साष्टीत एका रविवारी मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग चालू होता. तिथे आलेल्या एका ब्राह्मणानं म्हटलं, शिकवता ते चांगलं आहे, पण आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग वाचायला दुसरं का देत नाही? प्रश्न बोचरा होता आणि रास्तही. त्यातून जवळजवळ अकरा हजार ओव्या झाल्या आणि १६१६ साली रायतूरला छापल्या गेल्या. मराठीतला एवढा मोठा ग्रंथ वर्गातल्या एका प्रश्नातून निघाला, हे माझ्या नववीला सांगितलं तर मागच्या बाकावरून विचारणा झाली, ‘सर, परीक्षेला आहे का?’

तर शिकवण्यानं लेखन आटत नाही, तपासण्यानं आटतं. वर्गात पोरं जे बोलतात त्यातलं निम्मं माझ्या कथांत आलंय, हे त्यांच्या पालकांना ठाऊक नाही तेच बरं. पण चौऱ्याहत्तर वेळा ‘पाणी वाचवा’ हा निबंध वाचून झाल्यावर माणसाची भाषा घसा कोरडा पडावा तशी कोरडी पडते. मग मी माळ घेऊन क्रूसाकडे निघतो. खोटं कशाला सांगू, कधीकधी भक्तीपेक्षा सुटका म्हणूनच.

अजून एकतीस उत्तरपत्रिका बाकी आहेत. विधवा दीड पानावरच उभी आहे. संपादकमहाशय, कथा या महिन्यात देतो, पण संध्याकाळी साडेसात ते आठ फोन करू नका. वाडीत तो सगळ्यांना ऐकू जातो.