साहेबांची मर्जी की लिखित नियम?

चाकण, भोसरी, तळवडे भागातल्या छोट्या कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या पोरांना एक वाक्य चांगलेच ओळखीचे आहे : "उद्यापासून येऊ नको." कोणत्या नियमाने, हे विचारायची सोय नसते.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कार्यकाळात, एप्रिल 1946 मध्ये, स्थायी आदेशांचा कायदा झाला. पाळी, हजेरी, रजा, गैरवर्तन, निलंबन, कामावरून कमी करणे यांचे नियम मालकाने लिहून काढायचे, कामगारांचे म्हणणे ऐकून घेणाऱ्या अधिकाऱ्याकडून ते प्रमाणित करायचे आणि कामगारांना समजेल अशा भाषेत गेटजवळ लावायचे. मूळ कायदा 100 कामगारांच्या आस्थापनेपासून लागू होता. ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार सरकारला होता.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि हा जुना कायदा गेला. स्थायी आदेशांची सक्ती आता 300 किंवा जास्त कामगार असतील तिथेच आहे. मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या असंख्य छोट्या युनिटना ती उरलेली नाही. म्हणजे जिथे युनियन दुबळी किंवा नाहीच, तिथेच लिखित नियमाचा आधार काढून घेतला गेला. छोट्या उद्योगांवरचे कागदपत्रांचे ओझे कमी होईल, असा युक्तिवाद केला जातो. पण ते ओझे उतरवून कामगाराच्या डोक्यावर सुपरवायझरची मर्जी ठेवली जाते, त्याचे काय?

तथागतांनी आपल्यामागे संघाला कोणी वारसदार नेमला नाही. धम्म आणि विनय हेच शास्ता राहतील असे सांगितले. संघात दर पंधरवड्याला नियम सर्वांसमोर म्हटले जात. आरोप असलेल्या भिक्खूच्या समक्षच निर्णय होई. चांगला नेता असला तरी नियम लागतो, ही आपली परंपरा आहे.

म्हणून चांगल्या साहेबाची वाट पाहू नका. नव्या संहितांनुसार नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. ते मागा, वाचा, प्रत घरी ठेवा. युनियन असेल तर शिस्तीचे नियम करारात लिहून घ्या. विहारातल्या रविवारच्या बैठकीत अर्धा तास या कागदांच्या वाचनाला द्या. संविधानाचा जयजयकार करणाऱ्यांनी त्यातला कायद्यासमोरील समानतेचा अर्थ कंपनीच्या गेटच्या आतही मागितला पाहिजे.

जय भीम!