टॉय सेटचा एचएस कोड : सप्लायर सांगतो तो, की बॉक्स सांगतो तो?



इम्पोर्टवरच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न असा : "सर, खेळण्यांच्या सेटला कुठला कोड लावला म्हणजे ड्युटी कमी बसेल?"

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. हा प्रश्नच उलटा आहे. आधी ड्युटी ठरवून मग कोड शोधायचा नसतो. आधी बॉक्स उघडायचा, आत काय आहे ते बघायचं, त्यावरून कोड ठरवायचा आणि मग त्या कोडवर धंदा परवडतो का ते बघायचं. नाही परवडला तर माल मागवायचा नाही. ऐकायला कडू आहे, पण मी हे फी भरून शिकलोय.

२०२२ ची गोष्ट. आम्ही तीन दुकानदारांनी मिळून 'डायनासोर खोदा' किट मागवले. प्लास्टरची वीट, आत डायनासोरचा छोटा सांगाडा, सोबत प्लास्टिकची हातोडी आणि ब्रश. सप्लायरने इनव्हॉइसवर 'क्राफ्ट मटेरियल' लिहिलं आणि तसाच कोड दिला. आमच्या कस्टम ब्रोकरने तोच पुढे टाकला. आयईसी माझ्या नावावर, त्यामुळे जबाबदारीही माझी. मी मात्र सॅम्पलचा बॉक्ससुद्धा नीट वाचला नव्हता. न्हावा शेवाला माल उघडला तेव्हा अधिकाऱ्याने बॉक्सवरची एकच ओळ दाखवली : वय ६ वर्षे आणि पुढे. हे खेळणं आहे, म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. बीआयएसचं लायसन्स सप्लायरकडे नव्हतंच. माल परत पाठवावा लागला. भाडं, डॅमरेज, अडकलेले पैसे मिळून तिघांना साडेचार लाखांचा फटका बसला. त्यातला एक मित्र वर्षभर माझ्याशी धड बोलत नव्हता.

आता मुद्द्यावर येऊ.

एवढी ओढाताण का होते?

खेळणी येतात हेडिंग ९५०३ मध्ये. फेब्रुवारी २०२० च्या बजेटमध्ये त्यांच्यावरची बेसिक कस्टम ड्युटी २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ च्या बजेटमध्ये ७० टक्के. बाकीच्या बहुतेक वस्तूंचे दर याच्या जवळपासही नाहीत. मग प्रत्येकाला वाटतं, आपला सेट 'स्टेशनरी' किंवा 'क्राफ्ट' म्हणून निघाला तर किती बरं होईल! त्यात आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, बेसिक ड्युटीचं मिळत नाही. ती सरळ तुमच्या खरेदी किमतीत जाते.

मग सेटचं ठरतं कसं?

टॅरिफच्या सुरुवातीला अर्थ लावण्याचे सहा सामान्य नियम आहेत. आपल्या कामाचे मुख्यतः पहिला, दुसरा आणि तिसरा.

पहिला नियम म्हणतो, हेडिंगचे शब्द आणि चॅप्टरच्या टिपा आधी वाचा. दुसऱ्याचा पहिला भाग म्हणतो, वस्तू सुट्या भागांत, न जोडता आणली तरी ती पूर्ण वस्तूच धरली जाईल. म्हणजे गाडीची बॉडी एका खोक्यात आणि चाकं दुसऱ्या खोक्यात, ही आयडिया चालत नाही. तिसऱ्याच्या 'बी' भागात रिटेल सेट येतात : वेगवेगळ्या हेडिंगच्या वस्तू एका कामासाठी एकत्र पॅक केल्या असतील, तर ज्या वस्तूमुळे सेटला त्याचं मूळ स्वरूप येतं तिचा कोड सगळ्या सेटला. तेही ठरवता आलं नाही, तर सारख्याच लागू पडणाऱ्या हेडिंगपैकी नंबराने शेवटचं घ्यायचं.

खेळण्यांसाठी याच्यावरही एक गोष्ट आहे, जी सहसा कोणी सांगत नाही. चॅप्टर ९५ ची चौथी टीप. खेळण्यासोबत दुसऱ्या हेडिंगच्या वस्तू रिटेल पॅकमध्ये असतील आणि एकूण पॅकचं स्वरूप खेळण्याचं असेल, तर तो ९५०३ मध्येच जातो, जरी तो नियम ३ 'बी' प्रमाणे 'सेट' ठरत नसला तरी. म्हणजे "साहेब, हा सेट होतच नाही" हा युक्तिवाद खेळण्यांच्या बाबतीत फारसा उपयोगाचा नाही.

उदाहरणं घेऊ.

• फक्त रंगीत खडू आणि चित्रं रंगवायचं पुस्तक : यात खेळणं नाहीच. खडू ९६०९, पुस्तक ४९०३. मुख्य काय ते ठरत नसेल तर शेवटचा नंबर, म्हणजे ९६०९.

• तेच खडू, पुस्तक आणि सोबत रंगवायचे चार प्लास्टिकचे प्राणी, वर मोठ्या अक्षरात 'प्ले सेट' : आता चित्र बदललं. खेळण्याचं स्वरूप आलं, ९५०३ ची तयारी ठेवा.

• मुलांसाठीची नुसती मॉडेलिंग क्ले : ३४०७. त्यातच साचे, रोलर आणि खोटं आइसक्रीमचं दुकान आलं की प्रश्न पुन्हा उघडतो.

• मुलांची दोन चाकी सायकल : कितीही छोटी असली तरी ८७१२. तीन चाकी : ९५०३. हे चॅप्टर ८७ च्या टिपेतच लिहिलंय.

• फक्त कुत्र्या-मांजरासाठी बनवलेलं खेळणं : ९५०३ मध्ये येत नाही.

बघितलंत? काही वेळा खरोखरच कमी ड्युटीचा कोड बरोबर असतो. तो हक्काने घ्या. कमी ड्युटी मागणं हा गुन्हा नाही. लपवून मागणं हा आहे. अमेरिकेत एका कंपनीने एक्स-मेनच्या पुतळ्यांवरून कोर्टात केस लढवली. तिथे माणसाच्या रूपातल्या 'बाहुल्यां'वर जास्त ड्युटी होती, बाकी 'खेळण्यां'वर कमी. कंपनी म्हणाली, ही पात्रं माणसं नाहीतच. २००३ मध्ये कोर्टाने ते मान्य केलं. गंमत सोडा, पण पद्धत बघा : माल टेबलावर ठेवला आणि उघड भांडले.

"पकडलं तर भरू" वाल्यांसाठी हिशोब

समजा मालाची किंमत ५ लाख. ७० टक्क्यांनी ड्युटी ३.५ लाख. तुम्ही २० टक्क्यांच्या कोडवर १ लाख भरून माल सोडवला. वाचले २.५ लाख. माल विकून झाला, पैसे फिरले. साधी चूक असेल तर दोन वर्षांपर्यंत आणि जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल तर पाच वर्षांपर्यंत मागणीची नोटीस येऊ शकते. दोन वर्षांनी आली तर २.५ लाख ड्युटी, वर्षाला १५ टक्क्यांनी ७५ हजार व्याज आणि लबाडी सिद्ध झाली तर ड्युटीएवढाच दंड, म्हणजे आणखी २.५ लाख. पावणेसहा लाख, तेही विकून झालेल्या मालावर. त्या गिऱ्हाइकाकडून आता वसूल करणार आहात का?

आणि कोड बदलला म्हणून बीआयएस सुटत नाही. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या क्वालिटी कंट्रोल ऑर्डरमध्ये खेळण्याची व्याख्या आहे : १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळण्यासाठी बनवलेली किंवा उघडपणे त्यासाठीच असलेली वस्तू. त्यामुळे बॉक्सवरचं वय आणि चित्र तुमच्याविरुद्ध साक्ष देतात.

मग करायचं काय?

१. ऑर्डरआधी सॅम्पल मागवा. बॉक्सच्या सहाही बाजूंचे फोटो काढा, आतल्या प्रत्येक वस्तूची यादी करा.

२. यादी घेऊन ब्रोकरकडे जा आणि "कोड काय?" एवढंच विचारू नका. "हाच का, कुठल्या टिपेप्रमाणे?" असं विचारा. उत्तर लेखी घ्या. सेल्फ असेसमेंट आहे, जबाबदारी आयातदाराची.

३. सप्लायरचं बीआयएस लायसन्स कुठल्या खेळण्यांसाठी आहे ते तपासा. 'आहे सर' या व्हॉट्सअॅप मेसेजवर पैसे पाठवू नका.

४. तोच माल वारंवार मागवणार असाल आणि कोडबद्दल शंका असेल तर ॲडव्हान्स रुलिंग घ्या. त्याचं प्राधिकरण मुंबईत आहे. कायद्यात निर्णयाला तीन महिन्यांची मुदत आहे आणि निर्णय काही वर्षं चालतो.

५. सगळ्यात महागडा कोड धरून भाव काढा. त्यातही नफा दिसला तरच मागवा.

सरकारलाही एक सांगणं आहे

देशातल्या कारखानदाराला संरक्षण द्या, माझी तक्रार नाही. माझ्या दुकानात आज देशी माल मीही आनंदाने विकतो. पण भिंत ७० टक्क्यांची बांधायची आणि दरवाजा कुठे आहे याची पाटी लावायची नाही, हे बरोबर नाही. मोठ्या आयातदाराकडे वकील असतो. तालुक्याच्या दुकानदाराकडे ब्रोकरचा फोन नंबर असतो, बस. नेहमीच्या पन्नास प्रकारच्या सेटचे फोटो आणि त्यांचे कोड असलेली एक पुस्तिका हिंदी-मराठीत काढली, तर निम्म्या चुका बंदरावर पोचायच्या आधीच थांबतील.

ती येईपर्यंत आपली पुस्तिका आपणच करायची. आज दुकानात गेल्यावर कुठलाही एक इम्पोर्टेड सेट उघडा, आतल्या वस्तूंची यादी करा आणि कोड शोधा. जमलं नाही तर यादी कॉमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत सोडवू. फक्त "ड्युटी कमी कशी?" असं विचारू नका. "हे नक्की आहे काय?" असं विचारा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, पण रात्री झोप लागेल असा.