आधी विसण

शाळेच्या बाईंनी मागल्या आठवड्यात मला बोलावून घेतले व म्हणाल्या, "या वेळच्या भित्तिपत्रकात पालकांचे विचार द्यायचे आहेत. तुम्ही लिहा." मी म्हटले, "बाई, मी दहावी शिकलेला शेतकरी माणूस. मी काय लिहिणार?" त्या म्हणाल्या, "परवा मला जे सांगितलंत तेच लिहा." म्हणून हे चार शब्द. माझा थोरला याच शाळेत तिसरीत आहे. तो हे उभा राहून वाचणार, हे मला ठाऊक आहे.

गेल्या पौषातली गोष्ट. आपल्या जुन्नर भागात त्या दिवसांत थंडी हाडात शिरते. रात्रीची वीज होती, म्हणून मी रात्रभर कांद्याला पाणी देत होतो. सकाळी घरी आलो, बंबातले कढत पाणी बादलीत काढले आणि बादली न्हाणीच्या दाराशी ठेवली. विसण आणायला हौदाकडे वळलो, तोच फोन वाजला. बोलत बोलत अंगणाच्या कडेला गेलो. दोन मिनिटे गेली असतील नसतील. आमची धाकटी दीड वर्षाची, नुकतीच धावायला लागलेली. तिने बादलीचा काठ धरला आणि बादली कलंडली. तिचा डावा हात आणि मांडी भाजली.

पुढचे सांगायला लाज वाटते. पण ते सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. लेकराची किंकाळी ऐकून मी धावलो. पण पाणी घेतले नाही, लेकराला उचलले नाही, पहिल्यांदा ओरडलो. बायको चुलीपुढे भाकरी थापत होती. तिला म्हणालो, "तुझं लक्ष कुठं होतं?" थोरला दप्तर भरत होता. त्याला म्हणालो, "तिच्याजवळ बस म्हणून सांगितलं होतं ना?" आणि त्याला एक चापट दिली.

आई पेस्टची ट्यूब घेऊन आली. शेजारून कोणी म्हणाले, शाई लावा. कोणी म्हणाले, हळद लावा. तेवढ्यात आमच्या आळीतल्या आशाताई धावत आल्या. त्यांनी एकदम आवाज चढवला, "भांडण मागनं करा. आधी पाणी!" त्यांनी धाकटीला उचलले आणि नळाखाली धरले. झबले कात्रीने कापून काढले. हातातले वाळे आणि कमरेचा करदोटाही काढला. भाजलेला भाग सुजतो, मग अशा वस्तू आत रुततात आणि निघता निघत नाहीत. घड्याळ लावून २० मिनिटे साध्या पाण्याची धार भाजल्या जागी धरली. बर्फ लावू दिला नाही. बाकीचे अंग कोरड्या कापडात गुंडाळले, कारण एवढे लहान मूल लगेच गारठते. मग धुतलेले स्वच्छ सुती कापड जखमेवर सैल टाकले आणि आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी सांगितले की लहान मुलाची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते. आपल्याला जे पाणी नुसते चटका देते, ते लेकराला खोलवर भाजते. पाण्याने आतली आग थांबते. पेस्ट, शाई, तूप लावले की जखम झाकली जाते, ती किती खोल आहे ते दिसत नाही, आणि नंतर ते पुसताना लेकराचे हाल होतात. फोड आलाच तर फोडायचा नाही. तीन आठवड्यांत धाकटीचा हात भरून आला. थोडा डाग आहे.

तिचा हात बरा झाला, पण दुसरीच जखम राहून गेली होती आणि ती मला दिसली नाही. थोरला धाकटीला उचलून घेईनासा झाला. ती हात पसरून त्याच्याकडे जायची आणि हा मागे सरायचा. शाळेतही तो गप्प असतो, हे बाईंच्या ध्यानात आले. त्यांनी जवळ घेऊन विचारले, तेव्हा म्हणाला, "माझ्यामुळं बहीण भाजली." बाईंनी मला बोलावले. त्या रात्री मी त्याला म्हटले, "अरे, बादली मी ठेवली होती. चूक माझी होती." तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग मला का मारलंत, आप्पा?"

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. आजही पुरते नाही. पण विचार करून जे कळले ते सांगतो.

"चूक कोणाची?" हे आपण भीतीपोटी विचारतो. आपल्या डोक्यावरचे ओझे कोणाच्या तरी डोक्यावर टाकायचे असते. आपल्या घरांतून ते आधी आईच्या डोक्यावर पडते आणि मग थोरल्या पोराच्या, बहुतेक वेळा पोरीच्या. आठ वर्षांचे लेकरू हे काही राखणदार नव्हे. ते स्वतःच अजून सांभाळायचे आहे. शिवाय एकदा बोलणी खाल्लेला माणूस पुढच्या वेळी झाले ते लपवतो. लेकरू पडले, भाजले, काही गिळले, तरी भीतीने उशिरा सांगतो. तोवर दवाखान्याची वेळ निघून जाते. म्हणून दोष देणे नुसते वाईट नाही, ते धोक्याचे आहे असे माझे मत आहे.

यावर आमचे वडील म्हणतात, "बोललं नाही तर माणूस सावध कसा होईल?" त्यांचा मान राखून मी म्हणतो की बोलणे चार दिवस लक्षात राहते. रानातून दमून आलेला माणूस पाचव्या दिवशी पुन्हा चुकतो. वस्तूची जागा बदलली की तो बदल रोज टिकतो. म्हणून "कोण होतं?" यापेक्षा "काय कुठं होतं?" हे विचारावे. आम्ही तसे केले. आता बादलीत आधी गार पाणी आणि मग कढत. बंबाभोवती फळ्या ठोकल्या. लेकरू मांडीवर असताना कोणी चहाचा कप हातात घेत नाही. हौदावर झाकण आले. फवारणीच्या औषधाच्या बाटल्या घरातून उचलून कुलपात गेल्या.

बायकोची माफी मागायला मला आठ दिवस लागले. ती भाकरी उलटत होती. मी म्हटले, "चूक माझी होती, उगीच तुला बोललो." तिने वर पाहिले नाही. म्हणाली, "उद्यापासनं विसण आधी घाला." एवढेच. पण त्या रात्री आम्ही दोघे पहिल्यांदा नीट झोपलो. ज्याच्या हातून असे काही घडले असेल त्याला मी सांगेन की मनाला खात राहून लेकराची जखम भरत नाही. घरच्यांपुढे एकदा मोकळेपणाने बोला आणि कामाला लागा.

बालमित्रांनो, तुम्हालाही सांगतो. घरात कोणी भाजले तर आधी पाण्याची धार धरा आणि मोठ्यांना हाक मारा. पेस्ट आणायला धावू नका. आपल्या राज्यात २०१४ पासून १०८ नंबरची रुग्णवाहिका आहे, ती फुकट येते. तो नंबर पाठ करा. आणि भावंडाला काही लागले तर ते तुमच्यामुळे झाले असे मनात धरून बसू नका. बाईंना सांगा, घरी सांगा.

कढत पाण्यात आधी विसण घालतात, मग ते लेकराच्या अंगावर घेतात. शब्दांचेही तसेच आहे. मी ते उशिरा शिकलो. तुम्ही वेळेवर शिका, एवढीच विनंती करून मी हे लिहिणे पुरे करतो.

— तिसरीतल्या एका मुलाचा बाप