वेशीवरचे दलाल



आपण गाडी जुंपून बाजाराला निघालो आहोत. अडत्या ठरलेला, ओळख बापजाद्यांपासूनची. तेवढ्यात वेशीवर एक अनोळखी इसम कासऱ्याला हात लावतो, दहा पावले बरोबर चालतो आणि अडत्याला सांगतो, "हे गिऱ्हाईक मी आणले, माझी दलाली टाका." अशा इसमाला आपण काय म्हणू ते येथे छापण्याजोगे नाही. मोबाईलवरच्या खरेदीत मात्र हा धंदा बिनबोभाट चालतो.

मोठी दुकाने आपला माल खपवून देणाऱ्यांना विक्रीवर दलाली देतात. अ‍ॅमेझॉनने अशी योजना १९९६ साली काढली. कोणी फवारणी पंपाची नीट माहिती लिहावी, ती वाचून आपण पंप घ्यावा, लिहिणाऱ्याला चार पैसे मिळावेत. यात वावगे काही नाही. दुसरीकडे १९९८ साली अमेरिकेतील गोटू डॉट कॉम या कंपनीने शोधाच्या शब्दांचा लिलाव मांडला. ज्याची बोली जास्त त्याची जाहिरात वर, आणि कोणी तिच्यावर बोट टेकवले तरच पैसे. पुढे गूगलनेही ही रीत उचलली.

या दोहोंच्या सांध्यात लबाडी शिरली. दलाल कंपनीच्या नावावरच बोली लावतो. आपण पंपाच्या कंपनीचे नाव टाकतो, वर त्याची जाहिरात येते, ती दाबली की आपण कंपनीच्याच दुकानात पोचतो. पण मधल्या मध्ये त्याच्या नावाची नोंद झालेली असते. समजा, वीस जणांनी जाहिरात दाबली. पाच रुपयांप्रमाणे त्याचे शंभर गेले. एकाने पंप घेतला, दोनशे दलाली आली. शंभर रुपये सुटले, आणि गिऱ्हाईक तर आधीच वाटेवर होते! काही पटाईत लोक कंपनीची कचेरी ज्या शहरात आहे तेथे जाहिरात दिसूच नये अशी तजवीज करतात.

गिऱ्हाईक आपणहून येते याचा पुरावा ईबे या कंपनीला मिळाला. २०१२ साली तिने अमेरिकेत याहू आणि एमएसएनवर स्वतःच्या नावाच्या जाहिराती बंद करून पाहिल्या. त्यांवरून येणाऱ्या शंभरातले साडेनव्व्याण्णव लोक जाहिरातीखालच्या साध्या दुव्यावरून आलेच. अ‍ॅमेझॉनने तर १ मे २००९ पासून अमेरिका व कॅनडात शोधातल्या विकत घेतलेल्या जाहिरातींवरून गिऱ्हाईक पाठवणाऱ्यांची दलाली बंद केली.

आपल्याकडे दुसऱ्याच्या नावावर बोली लावण्याचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. १० ऑगस्ट २०२३ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की नुसती बोली लावणे हा गुन्हा नव्हे. पण त्यातून गिऱ्हाइकाची फसगत होत असेल, तर गूगललाही हात झटकता येणार नाहीत.

कंपनीची दलाली गेली तर आपले काय गेले, असे कोणी म्हणेल. ती दलाली मालाच्या किमतीतच बसते, हे एक. दुसरे अधिक वाईट. ज्या दारातून दलाल शिरतो त्याच दारातून ठगही शिरतात आणि बँकेच्या किंवा कंपनीच्या नावाखाली खोटा फोन नंबर वर आणून ठेवतात. म्हणून घरातल्या मुला-सुनांना एवढे दाखवून ठेवा: ज्या ओळीवर "प्रायोजित" असे बारीक अक्षरात लिहिलेले असते ती पैसे भरून वर आलेली असते. तिच्या खाली जाऊन कंपनीचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा. फोन करायचा तर नंबर पासबुकावरून, पावतीवरून किंवा खोक्यावरून घ्यावा. पैसे गेलेच, तर १९३० या सरकारी क्रमांकावर त्याच घटकेला कळवावे. सकाळची वाट पाहू नये.